स्मार्ट कुलपाची मालकी कंत्राटदाराकडून स्वतःकडे कशी घ्यावी?

वडोदऱ्यात भायली भागात घेतलेल्या आमच्या नव्या सदनिकेत दाराचे स्मार्ट कुलूप आणि कॅमेरा बिल्डरनेच बसवून दिले असून, दोन्ही उपकरणे अजूनही त्याच्या कंत्राटदाराच्या खात्याला जोडलेली आहेत. मी वाय-फायचा पासवर्ड बदलला, उपकरणे वेगळ्या गेस्ट नेटवर्कवर (मुख्य वाय-फायपासून वेगळ्या जोडणीवर) घेतली. तरीही ॲपमध्ये मालक म्हणून कंत्राटदारच दिसतो, मला केवळ सदस्याचे अधिकार आहेत. घरी वृद्ध आई दिवसभर एकटी असते, त्यामुळे दाराची किल्ली अशी परक्या हाती राहणे मला मुळीच मान्य नाही. वॉरंटी चालू असल्याने कुलूप बदलायचे नाही. कुलपाला साधी किल्लीही आहे. कंत्राटदाराने मालकी हस्तांतरित करण्यापूर्वीच फॅक्टरी रीसेट (सर्व सेटिंग पुसून कुलूप मूळ स्थितीत आणणे) केल्यास कुलूप जुन्या खात्यातच अडकते का, आणि बसवताना नोंदवलेले बोटांचे ठसे व पिन खरोखर पुसले गेल्याची खात्री कशी करावी?