मदत हवी आहे : तांबड्या खडूतला हा पुरुष ट्रायटन की नदीदेव?

आजेसासऱ्यांच्या कागदपत्रांत तांबड्या रंगातले एक जुने चित्र सापडले असून त्यातील आकृती ओळखण्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे. पाठ वळवून रेललेला एक बलदंड पुरुष, त्याचे विस्कटलेले केस आणि कमरेखाली नुसता फेस. अठराव्या शतकातील फ्रेंच चित्रकार फ्रांस्वा बूशे यांनी राजा पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पाँपादूर हिच्यासाठी रंगवलेल्या 'सूर्यास्त' (1752) आणि 'सूर्योदय' (1753) या भव्य चित्रांत, जी पॅरिसमधील गोबलँच्या कारखान्यात विणायच्या टॅपेस्ट्रींसाठी (भिंतीवर टांगायच्या चित्रमय विणकामांसाठी) केली होती आणि आता लंडनच्या वॉलेस संग्रहात आहेत, सूर्यदेव अपोलोभोवतीच्या लाटांत असेच ट्रायटन (ग्रीक पुराणकथांतले अर्धे माणूस, अर्धे मासा असे समुद्रदेव) आढळतात, म्हणून माझा पहिला अंदाज तोच होता.

अडचण अशी की ट्रायटनची खूण म्हणजे माशाचे शेपूट आणि शंख, तर नदीदेवाची पाणी ओतणारा कलश. माझ्या चित्रात शेपूट फेसात बुडालेले असावे आणि हातातली वस्तू कागदाच्या कडेला अर्धी कापली गेली आहे. दाढी दोघांनाही असू शकते, त्यामुळे तिचा उपयोग नाही. अशा वेळी आणखी कोणत्या खुणा पाहाव्यात?

दुसरा प्रश्न मला अधिक छळतो. भिंगाखाली रेषा बारीक ठिपक्यांत फुटते आणि कडेने छपाईच्या धातूच्या पत्र्याचा असावा तसा चौकोनी दाब जाणवतो. अठराव्या शतकातील उत्कीर्णक (धातूच्या पत्र्यावर चित्र कोरून छापणारे) जिल देमार्तो बूशेंच्या खडूचित्रांवरून हुबेहूब खडूसारखे दिसणारे ठसे काढत असत, तेव्हा हा तसाच ठसा समजावा काय? की नंतरच्या काळातील छापील नक्कलही अशीच दिसते? कागद भिजवून तपासण्याचा सल्ला कृपया देऊ नये.