राहते घर हयातीतच मुलांच्या नावावर करावे का?

पारिजात (चर्चाप्रस्ताव)

माझे वडील गेले तेव्हा त्यांच्या नावावर एक सदनिका, दोन बँकांतील ठेवी आणि थोडे शेअर्स होते, मृत्युपत्र नव्हते. आई, बहीण आणि मी असे तीनच वारस, आणि आमच्यात वाद तर नव्हताच. तरीही वारस दाखला, बहिणीचे आणि माझे हक्कसोडपत्र आणि पुढची कागदपत्रे यांत दोन वर्षे गेली. ज्या घरात आईने चाळीस वर्षे संसार केला, ते आपलेच आहे हे तिला प्रत्येक खिडकीवर नव्याने पटवून द्यावे लागले.

तेव्हापासून माझे मत असे बनले आहे की, राहते घर हयातीतच नोंदणीकृत बक्षीसपत्राने मुलांना देऊन टाकावे. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन मुलगा, मुलगी, पती, पत्नी किंवा नातवंडांना बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. मुख्य म्हणजे देणारा स्वतः दुय्यम निबंधकासमोर हजर असतो. मृत्युपत्रावर शंका घेतली जाते ती नेमकी खुलासा करणारा माणूस उरलेला नसताना. मी 68 वर्षांचा आहे आणि या वर्षी माझे घर दोन्ही मुलांच्या नावावर करण्याचा माझा विचार आहे. विरुद्ध मत असल्यास अवश्य मांडावे.

उंबरठा

आपला हेतू चांगला आहे, पण या निर्णयाला माझा ठाम विरोध आहे. बक्षीसपत्र एकदा नोंदले आणि मुलांनी ते स्वीकारले की घर त्याच दिवशी त्यांचे होते. पुढे मन बदलले, परिस्थिती बदलली, तरी केवळ आपल्या इच्छेने ते परत घेता येत नाही. मृत्युपत्र मात्र अखेरच्या श्वासापर्यंत बदलता येते, रद्द करता येते, आणि तोवर मालकी आपलीच राहते.

माझ्या मावशीने नवरा गेल्यावर वर्षभरात घर मुलाला बक्षीस दिले. मुलगा वाईट नव्हता, आजही नाही. त्याचा व्यवसाय बुडाला, घर कर्जाला तारण होते, ते गेले, आणि वयाच्या 74 व्या वर्षी मावशीला भाड्याच्या खोलीत जावे लागले. आपण मुलांच्या स्वभावावर विश्वास ठेवता ते योग्यच आहे, परंतु मुलांची कर्जे, त्यांचे घटस्फोट, आणि दुर्दैवाने आपल्या आधी त्यांचाच मृत्यू झाला तर त्यांचे वारस, या कशावरही आपले नियंत्रण नसते. घर त्यांच्या नावावर गेले की त्यांच्या आयुष्यातील प्रत्येक वादळ आपल्या छपरावरून जाते.

पारिजात

आपल्या मावशींबद्दल वाचून वाईट वाटले. तरीही कायद्याने काही उपाय ठेवले आहेत. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याच्या कलम 23 नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, न्यायाधिकरणाकडून परत मिळवता येते. शिवाय तहहयात राहण्याचा हक्क राखून बक्षीसपत्र करता येते. ताबा देणाऱ्याकडेच राहिला तरी असे बक्षीस वैध ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितले आहे.

उंबरठा

कलम 23 आपण सांगितले, पण त्याच्या आधाराने घर परत मिळवायचे तर ती अट आधी सिद्ध व्हावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये हेच बजावले होते. जानेवारी 2025 च्या एका निकालात न्यायालयाने या कायद्याकडे अधिक उदारपणे पाहून एका आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द केले, हेही खरे. परंतु त्या आईला त्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. आपल्याच मुलाविरुद्ध अर्ज लिहिण्याची वेळ येणे हेच मुळात टाळायचे आहे. राखून ठेवलेला राहण्याचा हक्क उपयोगी आहे, पण आजारपणात घर विकून पैसे उभे करायचे झाले तर तो हक्क काय कामाचा? त्या वेळी मुलांच्या सहीवाचून काहीच होणार नाही.

निळे कपाट

आपण दोघे इतके पुढे गेला आहात, पण मला या खटाटोपाची गरजच दिसत नाही. बँकेत, गृहनिर्माण संस्थेत आणि शेअर्सच्या खात्यात नामनिर्देशन (नॉमिनेशन) केले की पुरे. नोव्हेंबर 2025 पासून तर बँकेच्या ठेवींसाठी चार जणांचे नामनिर्देशन करता येते. ज्याचे नाव आहे त्याला ते मिळेल, विषय संपला.

उंबरठा

हा गैरसमज फार घरे फोडतो, म्हणून स्पष्टच लिहितो. नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते ती वारसांच्या वतीने. त्यामुळे ती मालक होत नाही. शेअर्सच्या बाबतीतही हेच लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये निःसंदिग्ध केले. आयुर्विम्यात 2015 च्या दुरुस्तीने आई-वडील, जोडीदार आणि मुले यांच्यापुरती वेगळी तरतूद केली आहे, तेवढा अपवाद. आपण एका मुलाचे नाव फॉर्मवर लिहिले आणि मृत्युपत्र केले नाही, तर दुसरा मुलगा हिस्सा मागू शकतो, आणि तो चूक ठरणार नाही. नामनिर्देशन अवश्य करा, पण ते मृत्युपत्राशी जुळते ठेवा.

सायली

मी पंचावन्न वर्षांची आहे, मूल नाही, पती हयात नाहीत, आणि स्वतःच्या पगारातून घेतलेले घर आहे. बक्षीस द्यावे की मृत्युपत्र करावे, हा वाद माझ्यासारखीला परवडत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 15 प्रमाणे मी मृत्युपत्र न करता गेले तर माझ्या कमाईचे हे घर आधी पतीच्या वारसांकडे जाईल. माझी आई त्यांच्यानंतर येते. माझ्या दिरांशी माझे भांडण नाही, पण गेली अकरा वर्षे माझ्याकडे राहणाऱ्या आईचे छप्पर त्यांच्या मर्जीवर ठेवणे मला मान्य नाही. हे मला कळले त्याच आठवड्यात मी मृत्युपत्र केले. साधा कागद पुरला, मुद्रांक लागला नाही, नोंदणी सक्तीची नसूनही मी केली.

साक्षीदारांविषयी एक सांगावेसे वाटते. दोन साक्षीदार लागतात, त्यांनी मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, सही मात्र त्यांच्यासमोर व्हावी किंवा ती आपली असल्याचे त्यांना सांगितलेले असावे. पुढे न्यायालयात मृत्युपत्र सिद्ध करायचे झाल्यास त्यांपैकी किमान एकाची साक्ष लागते. म्हणून मी समवयस्क मैत्रिणी न घेता तिशीतल्या दोघी सहकारी निवडल्या, आणि ज्यांना काही मिळणार आहे अशा कोणालाही साक्षीला घेतले नाही.

पारिजात

साक्षीदारांच्या वयाचा विचार मी कधीच केला नव्हता. मृत्युपत्रावर माझा अविश्वास वडिलांनी ते केलेच नाही यातून आला, केलेल्या मृत्युपत्राच्या अनुभवातून नव्हे, हे आता मला दिसते आहे. तरीही माझे मत पूर्ण बदललेले नाही. गावाकडची शेतजमीन धाकटा गेली बारा वर्षे कसतो आहे. ती मी त्याला याच वर्षी बक्षीस देणार, कारण त्याने विहिरीवर खर्च करावा आणि तो स्वतःच्या जमिनीवर करावा, असे मला वाटते. थोरल्याला हे आजच सांगितले आहे. राहते घर मात्र माझ्या आणि पत्नीच्या नावावरच राहील, आणि आम्ही दोघे आपापले मृत्युपत्र वेगवेगळे करू.

उंबरठा

जमिनीबाबतही मी थांबलो असतो, पण ज्या कारणासाठी आपण ती देत आहात ते मला पटते. बक्षीसपत्रात आपल्या दोघांच्या निर्वाहाची अट शब्दशः लिहून घ्यावी, आणि थोरल्याला त्याऐवजी काय मिळणार हे मृत्युपत्रात कारणासह नमूद करावे.