शब्दचर्चा : वस्ताद, डूख आणि दावा

वडगावकर (बेळगाव) : जादूच्या मुलखातली दीर्घकथा लिहितोय. एक म्हातारा अनाथ पोराला विद्या शिकवतो, जीवही लावतो. पण मनात एकच, आपल्या जुन्या वैऱ्याच्या नातवावर ह्याला सोडायचं. ह्या म्हाताऱ्याला काय म्हणू? 'गुरू' म्हटलं की हात जोडावेसे वाटतात, 'मार्गदर्शक' म्हटलं की दहावीचं गाइड आठवतं. आणि वारशानं आलेल्या वैराला शब्द हवा. शेजारचे कन्नड मित्र 'हगे', 'सेडू' म्हणून मोकळे होतात, मी अडलोय.

खानापूरकर : वस्ताद की वो! फारसी 'उस्ताद'चं आपलं रूप. तालमीत पाया पडायचं, आणि बाहेर "लई वस्ताद हाय त्यो" म्हटलं की बिलंदर. तुमचा म्हातारा ह्या दोन्ही अर्थांत बसतोय.

निपाणीकर : वस्ताद चांगला, पण 'गुरू' एवढा सोवळा कुठे आहे? द्रोणांनी गुरुदक्षिणा म्हणून द्रुपदालाच बांधून आणायला लावलं. अपमान गुरूचा, लढाई शिष्यांची. त्याच द्रुपदाच्या धृष्टद्युम्नाला पुढे द्रोणांनीच अस्त्रं शिकवली आणि त्यानंच त्यांना मारलं. मग अश्वत्थाम्यानं त्याला. एकलव्याचा अंगठा वेगळाच.
वैरासाठी 'दावा' घ्या. मूळ अरबी, अर्थ हक्क सांगणं, फिर्याद. मराठीत वैर असाही झाला, म्हणून 'उभा दावा'. 'दावेदार' म्हणजे वैरी, हे आता खुर्चीच्या बातम्यांत हरवलंय.

वडगावकर : आमच्याकडे 'दावा' म्हटलं की २००४ साली महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात घातलेला सीमेचा दावाच डोळ्यांपुढे येतो. वाचक तिकडेच जायचा! 'डूख' कसा?

निपाणीकर : डूख ज्याचा त्याचा. साप धरतो तसा. म्हाताऱ्याचा तो डूख. पोराला ज्याचं तोंडही ठाऊक नाही त्याच्याशी वैर मिळालं, तो दावा. 'हाडवैर'ही चालेल, पण त्यात वारसा येत नाही.

खानापूरकर : गुरं बांधायचं दावं ह्याच्यातलंच काय?

निपाणीकर : नाही, ते वेगळं. विभक्ती लागली की मात्र दोन्हींचं 'दाव्याला' होतं.

वडगावकर : मग पहिलं वाक्य सापडलं : "वस्तादानं पोराला दाव्याला बांधलं." कुठल्या, ते सांगणार नाही.