खुनी आधीच कळला तरी

'जाने जां' या हिंदी सिनेमात खून कुणी केला हे सुरुवातीलाच दाखवलंय, मग पुढे बघायचं काय, हा काही जणांचा आक्षेप मला पटला नाही. अहो, तिथे कोडं 'कोणी केला' हे नाहीच. शेजारच्या गणिताच्या मास्तरांनी तो लपवण्यासाठी नेमकं काय केलं, हे कोडं आहे. ते पोलिसांइतकंच आपल्यालाही माहीत नसतं. (पुढचं सांगत नाही, बऱ्याच जणांचा बघायचा राहिला असेल.)

मूळ कादंबरी जपानी, केइगो हिगाशिनोची, २००५ची. ती आधी वाचलेली असल्याने मला धक्का बसला नाही, तरी जयदीप अहलावतसाठी शेवटपर्यंत बसलो. खांदे पाडून चालणारा, नजर चुकवणारा तो मास्तर काय उभा केलाय! कालिम्पाँगचं धुकंही छान, पण पोलीस आणि करीनाच्या प्रेमाचा ट्रॅक मला उगीच वाटला.

'दृश्यम'चंही तेच. मोहनलालचा २०१३चा मल्याळम असो की निशिकांत कामतचा २०१५चा हिंदी, गुन्हा आपल्या डोळ्यांदेखत घडतो. तरी शेवटच्या दृश्यात आपण गार पडतोच ना?

मला खरा वैताग येतो तो दोन तासांच्या गोष्टीचे आठ भाग करणाऱ्यांचा. मधले चार भाग नुसती पोलिसाच्या घटस्फोटाची कहाणी.

आणि हो, सबटायटल बंद करून बघा. दार वाजायच्या आधीच 'दारावर थाप' असं लिहून येतं, सगळी मजा जाते.