ओस्वाल्डचा नेम खरंच इतका भारी होता का? आणि केनेडींना मारलं तरी कशासाठी?

उचापती_अण्णा:
मंडळी, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या खुनाचं प्रकरण परत उकरतोय, सांभाळून घ्या. २२ नोव्हेंबर १९६३, डॅलस, पुस्तकांच्या गोदामाचा सहावा मजला, खिडकीत २४ वर्षांचा ली हार्वे ओस्वाल्ड, इथपर्यंत सगळ्यांना माहितीय. मला पटत नाही ते पुढचं. पोस्टाने मागवलेली एकवीसेक डॉलरची जुनी इटालियन कार्कानो रायफल, प्रत्येक गोळीला बोल्ट (पुढची गोळी भरायचा दांडा) हाताने ओढायचा, आणि चालत्या गाडीतल्या माणसाच्या थेट डोक्यात? मरीन्समध्ये (अमेरिकेचं नौदल-पायदळ) १९५९ला नेमबाजीच्या परीक्षेत याचे मार्क १९१ आणि सगळ्यात खालच्या ग्रेडला लागायचे १९०, म्हणजे काठावर पास! बरं कारण काय, तर बायको मरीना सांगते याला केनेडी आवडायचे. मला तर सरळ सुपारी वाटते, याला फक्त पुढे केलं. मला बळीचा बकरा केलाय असं तो स्वतःच पत्रकारांना ओरडून सांगत होता.

दहाचा_गोल:
१९५६चे मार्क का नाही सांगितले? २५० पैकी २१२, शार्पशूटर ग्रेड. ती परीक्षा २०० ते ५०० यार्डांवर, दुर्बिणीशिवाय. डॅलसची शेवटची गोळी साधारण ८० मीटरवरून, रायफलला चारपट दुर्बीण, हात टेकायला पुस्तकांची खोकी. नेमबाजीच्या क्लबात ५० मीटरवर आमचा दहाचा गोल १०.४ मिलीमीटरचा असतो हो, इथे अख्खं डोकं आहे.

चालती गाडी म्हणाल तर वेग ताशी १८ किमीच्या आसपास, आणि ती आडवी जात नव्हती, खिडकीपासून लांब लांब उताराने चालली होती, म्हणजे वरून बघणाऱ्याला ती फारशी डावी-उजवी सरकतच नाही. आणि वेळेच्या हिशोबात सगळे गंडतात. तीन गोळ्या म्हणजे बोल्ट दोनदाच ओढायचा, कारण घड्याळ पहिल्या गोळीपासून सुरू होतं. एफबीआयच्या चाचणीत दोन गोळ्यांत कमीत कमी २.३ सेकंद लागले. झाप्रुडर नावाच्या प्रेक्षकाने तिथे काढलेल्या फिल्मवरून, पहिली गोळी हुकली असं धरलं तर हाताशी सात-आठ सेकंद येतात. त्यातही एक गोळी पूर्ण वाया, एक पाठीत वरच्या बाजूला, एक डोक्यात. मध्यम नेमबाजाचं काम आहे हे.

उचापती_अण्णा:
मग माजी लष्करी अधिकारी जनरल वॉकर कसा वाचला? एप्रिल ६३मध्ये याच ओस्वाल्डने त्याच्यावर गोळी झाडली म्हणता, तो तर घरात टेबलाशी बसलेला होता, गाडीबिडी काही नाही. तिथे हुकतो आणि इथे लागतं?

रात्रपाळी:
ती गोळी खिडकीच्या चौकटीला घासून दिशा बदलून गेली म्हणून वाचला. पण अण्णा, वॉकरचं नाव काढलंत ते बरं केलंत, कारण तुमच्या सुपारीला तिथेच सुरुंग लागतो. त्या रात्री निघताना मरीनासाठी रशियनमध्ये चिठ्ठी ठेवली होती, मला अटक झाली तर काय काय करायचं त्याची. म्हणजे केनेडींच्या सात महिने आधी हा गडी एकट्याने माणूस मारायला निघालेला. वॉकर कट्टर उजवा, केनेडी त्याच्या विरुद्ध टोकाचे, दोघांवर एकच माणूस गोळी झाडतो तेव्हा कोणाला मारतोय यापेक्षा आपण काहीतरी मोठं केलं हेच त्याला हवं असणार असं माझं मत. रशियात गेला, कंटाळून परत आला, मग क्युबाचा व्हिसा मागायला मेक्सिको सिटीला गेला, तिथूनही हात हलवत परत.

आणि गोदामातली नोकरी १६ ऑक्टोबरची, तेव्हा केनेडींच्या गाड्यांच्या ताफ्याचा रस्ता ठरलेलाही नव्हता. आदल्या रात्री मरीनाला परत परत विचारतो, डॅलसला माझ्यासोबत राहायला येतेस का, ती नाही म्हणते. सकाळी लग्नाची अंगठी कपात आणि १७० डॉलर घरी ठेवून निघतो. गोळ्या घातल्यावर पळतो कसा, तर सिटी बसने! ती ट्रॅफिकमध्ये अडकली म्हणून उतरून टॅक्सी. खिशात १४ डॉलरसुद्धा नाहीत. सुपारी देणाऱ्याने निदान एक गाडी तरी उभी केली असती की नाही?

उचापती_अण्णा:
बळीच्या बकऱ्याला कोण गाडी देतं? आणि दोन दिवसांत नाइटक्लबवाल्या जॅक रुबीने पोलिसांदेखत त्याला उडवला ते काय उगाच? १९७९मध्ये त्यांच्याच संसदेच्या समितीने बहुधा कट होता म्हटलंय.

रात्रपाळी:
ते पोलिसांच्या रेडिओच्या रेकॉर्डिंगमधल्या आवाजांवरून म्हटलं होतं, आणि १९८२मध्ये शास्त्रज्ञांनी ते आवाज गोळीबाराच्या वेळचे नाहीतच म्हणून निकालात काढलं. हेतूबद्दल मात्र खुनाची सरकारी चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगानेही हात टेकले, एक असा ठाम हेतू त्यांनाही सांगता आला नाही. म्हणून माझं म्हणणं, त्याने मारलं का आणि का मारलं, यांची भेळ करू नका.

गप्प_बसवेना:
मध्येच तोंड घालतो. ती दुर्बीण नीट बसवलेलीच नव्हती ना? चाचणीआधी सैन्यवाल्यांना तिच्याखाली पत्र्याच्या चकत्या घालाव्या लागल्या होत्या.

दहाचा_गोल:
बरोबर. पण ८० मीटरला दुर्बीण लागतच नाही, नळीवरच्या साध्या माशीने पण नेम धरता येतो, मरीन्समध्ये तेच तर शिकला होता.

उचापती_अण्णा:
म्हणजे वर चारपट दुर्बिणीचं कौतुक चाललं होतं ते वजा करा आता. नेमाचं एक वेळ सोडतो. पण रुबीचं उत्तर कोणी दिलेलं नाही, मी वाट बघतोय.