मेमध्ये आंजर्ल्याला जायचंय, सल्ला हवा

केतकी_पुणे:
मेच्या तिसऱ्या आठवड्यात चार-पाच दिवस कोकणात दापोलीजवळ आंजर्ल्याला जायचं ठरतंय. सोबत आई (गुडघे दुखतात) आणि दोन शाळकरी मुलं. मुलांना कासवांची पिल्लं बघायची आहेत. कड्यावरच्या गणपतीला आईला चढून जावं लागेल का? हॉटेल घ्यावं की घरगुती सोय?

खाडीकाठ:
पिल्लांचं आधीच सांगतो, मुलांचा हिरमोड नको. ती समुद्रात सोडतात मुख्यतः मार्च-एप्रिलमध्ये. तुम्ही जाल तोवर हंगाम संपलेला असेल. त्यासाठी पुढच्या वर्षी लवकर या.
देवळापर्यंत गाडी जाते, आईंना बिनधास्त न्या. गणपती उजव्या सोंडेचा आहे. दर्शन झालं की बाहेर येऊन समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला नक्की बघा, तिथून फार सुरेख दिसतो.

सुमाताई:
घरगुतीच घ्या गं. मे महिन्यात वाडीतलं घर म्हणजे पडवीत पेंढ्यात घातलेली आंब्याची आढी, अंगणात वाळत टाकलेली रातांब्याची (कोकमाच्या फळांची) सालं, पानात फणसाची भाजी आणि सोलकढी. मुलांना आढीतला पिकलेला आंबा वासावरून निवडायला लावा, रमतील. खोली ठरवताना दोन गोष्टी फोनवरच विचार: खोली तळमजल्यावर आहे ना आणि कमोड आहे ना. मेमध्ये विहिरी तळाला जातात, तेव्हा पाणी जपून वापरा.

केतकी_पुणे:
खूप आभार! मुलांना समुद्रात सोडलं तर चालेल ना?

खाडीकाठ:
घरमालकांना भरती-ओहोटीची वेळ विचारूनच, आणि गुडघाभर पाण्यापुढे नाही. जोग नदीच्या मुखाजवळ तर अजिबात नको. ओहोटीला तिथे पाणी जोरात बाहेर ओढतं, पोहणाऱ्यालाही आवरत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात काठावरच खेळू दे. आणि कळकळीची विनंती, गाडी वाळूवर घालू नका. याच वाळूत कासवं अंडी घालतात.

मत्स्यप्रेमी:
संध्याकाळी हर्णे बंदरावर मासळीचा लिलाव बघा. 1 जूनपासून मासेमारी बंद होते, त्यामुळे मेमध्येच जमेल. सुवर्णदुर्गाला होडीने जायचं असेल तर पहिल्याच दिवशी चौकशी करा. मेअखेरीस समुद्र खवळला की होड्या थांबतात.

सुमाताई:
पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, पुढे मंडणगडमार्गे या. पहाटेच निघा, घाटातल्या वळणांनी आईंना त्रास होत असेल तर मध्ये थांबायला वेळ मिळेल.