मदत हवी आहे: बाळंतपणाच्या रजेनंतर रेटिंग घसरलं

नमस्कार मंडळी, मी पुण्यात हिंजवडीला एका आयटी कंपनीत ९ वर्षं आहे, २६ आठवड्यांची रजा संपवून मागच्या महिन्यात जॉइन झाले तर माझा क्लायंट दुसऱ्याला दिलेला, मला टेस्टिंगची किरकोळ कामं, आणि वर्षाचं रेटिंग थेट खाली, का तर म्हणे "तू सहा महिने नव्हतीसच ना". मॅनेजर तसा गोड बोलतो हो, "बाळ लहान आहे, तुला लोड नको" असं म्हणून प्रमोशनच्या यादीतून पण नाव काढलं, मला विचारलं सुद्धा नाही! माझ्याच टीममधल्या एकाला मुलगा झाला, त्याला मात्र "आता जबाबदारी वाढली" म्हणून बढती. (सासूबाई पण खवळल्यात ऐकून.)

रजेच्या कारणाने नोकरीच्या अटी बाईच्या तोट्याच्या करता येत नाहीत असं कायद्यात आहे, पण रेटिंग त्यात धरतात का? एचआरला मेल करताना नेमकं काय लिहू? ५० किंवा जास्त माणसं असली की पाळणाघर लागतं ना, आमच्याकडे तेही नाहीये, हे त्याच मेलमध्ये घालू की वेगळं? कामगार आयुक्त कार्यालयात कुणी तक्रार केलीय का, नोकरी टिकली का नंतर? प्लीज सांगा, शुक्रवारी मीटिंग आहे.